चॅपलपासून दुरावलेली तरुण पिढी

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगास वेल्स म्हणून एक लहानसा डोंगराळ देश आहे. त्याची सारी वस्ती एकतीस लाखांच्या आसपास. म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या मानानें पाहतांही ती थोडीच. या देशांतील लखर गांवीं, मोरिया नांवाच्या उपासनामंदिरांत, ३१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्रीं नेहमींची सभा आटोपल्यावर सतराजण मागें थांबले. त्यांना थांबवून घेणारा इव्हॅन रॉबर्ट्स हा अवघ्या सव्वीस वर्षांचा होता. लहानपणींच तो कोळशाच्या खाणींत उतरला, पुढें कांहीं काळ लोहाराच्या हाताखालीं उमेदवारी केली, आणि धर्मोपदेशक व्हावें या इराद्यानें तो नुकताच एका शाळेंत दाखल झाला होता. तेथून तो गांवीं परतला तो आपल्या बरोबरीच्या तरुणांशीं बोलण्याकरितां.

त्या रात्रीपासून जी लाट उठली ती पुढील वर्षभर साऱ्या वेल्सवर पसरली. एक लाख माणसांनीं नव्यानें धर्माची कांस धरली असें त्या वेळीं सांगण्यांत येई, आणि वर्तमानपत्रें गांवोगांवचे आंकडे क्रिकेटच्या धांवांप्रमाणें छापीत. दारूच्या गुत्त्यांत शुकशुकाट झाला. चेंडूच्या खेळाचे कित्येक सामने खेळाडूंच्या अभावीं रद्द झाले. खाणींतील घोडीं म्हणे जागच्या जागीं अडून राहूं लागलीं. कारण हांकणाऱ्यांनीं शिव्या देणें सोडल्यामुळें त्यांचे हुकूम त्या मुक्या जनावरांस कळेनासे झाले! गोष्ट खरी असो वा रचलेली असो, ती सांगण्यांत वेल्सच्या लोकांस अद्यापही मौज वाटते. या जागृतीची बातमी आज मेघालयांत असलेल्या खासी डोंगरांत पोंचली, कारण तेथें १८४१ पासून वेल्सचेच धर्मप्रचारक काम करीत होते. आणि १९०५ च्या जून महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांतही तशीच भावनेची भरती आली.

आतां दुसरें चित्र पाहावें. वेल्समध्यें २००१ सालच्या खानेसुमारींत शेंकडा ७२ लोकांनीं आपला धर्म ख्रिस्ती असा नोंदविला होता. २०२१ सालीं हें प्रमाण ४३.६ वर उतरलें, आणि ‘कोणताही धर्म नाहीं’ असें सांगणाऱ्यांचें प्रमाण ४६.५ झालें. ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांपेक्षां धर्म नाहीं असें म्हणणारे अधिक, हा प्रकार त्या देशाच्या खानेसुमारींत प्रथमच घडला. विशेष असें कीं, रोंडा, केअरफिली, ब्लायनाय ग्वेंट या ज्या कोळशाच्या दऱ्याखोऱ्यांत १९०४-०५ सालीं रात्ररात्र स्तोत्रें गाइलीं जात, त्याच भागांत धर्म नाकारणाऱ्यांची संख्या आज निम्म्याहून अधिक आहे. तरुणांत तर हें प्रमाण वृद्धांपेक्षां पुष्कळच मोठें आहे.

असें कां व्हावें? या प्रश्नाचीं दोन तयार उत्तरें नेहमीं कानीं पडतात. एक असें कीं, विज्ञानानें श्रद्धेचा पाया खणून काढला. दुसरें असें कीं, तरुण पिढी चैनी व उच्छृंखल झाली. पहिल्या उत्तराची अडचण अशी कीं, डार्विनचा ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि इव्हॅन रॉबर्ट्सची लाट त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं उसळली. दुसरें उत्तर प्रत्येक काळांतील वडील माणसें आपल्या मुलांविषयीं देत आलींच आहेत. त्यामुळें त्यावरून कोणत्याही एका काळाचा उलगडा होत नाहीं. खरें कारण शोधावयाचें तर तरुणांच्या मनांत डोकावण्यापूर्वीं चॅपल ही काय वस्तु होती तें समजून घेतलें पाहिजे.

वेल्समध्यें ‘चर्च’ आणि ‘चॅपल’ हे शब्द एका अर्थाचे नव्हत. चर्च म्हणजे राजमान्य इंग्लिश धर्मपीठ. जमीनदार त्याचे, त्याची भाषा बहुधा इंग्रजी, आणि त्याच्या निर्वाहासाठीं शेतकऱ्यांच्या डोक्यावर दशमांशाचा कर. चॅपल म्हणजे या धर्मपीठापासून फुटून निघालेल्या मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट इत्यादि पंथांचीं, रयतेनें स्वतःच्या पैशानें बांधलेलीं मंदिरें. १८५१ सालीं उपासकांची सरकारी मोजदाद झाली तेव्हां वेल्समधील पांचांपैकीं सुमारें चार उपासक चॅपलांत आढळले. चॅपलाची भाषा वेल्श. बायबल त्या भाषेंत विल्यम मॉर्गन यानें १५८८ सालींच आणून ठेविलें होतें. ग्रिफिथ जोन्स यानें १७३१ पासून गांवोगांव फिरत्या शाळा काढल्या, आणि शेतांतील काम मंदावलें म्हणजे त्या शाळांतून लेंकरें, गडी, म्हाताऱ्या बायका सारींच एका बाकावर बसून धर्मग्रंथ वाचावयास शिकलीं. पुढें बाला येथील थॉमस चार्ल्स यानें रविवारच्या शाळांचा प्रसार केला. त्या शाळांत मुलांइतकींच प्रौढ माणसेंही येत. याच थॉमस चार्ल्सकडे १८०० सालीं मेरी जोन्स नांवाची एक गरीब विणकऱ्याची पोर, सांठविलेले पैसे गांठीं बांधून, बायबलाची प्रत घेण्यासाठीं सुमारें पंचवीस मैल अनवाणी चालत गेली. तिची कथा लंडनच्या मंडळींस सांगण्यांत आली आणि १८०४ सालीं ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन होण्यास ती एक निमित्त झाली. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती घरांतून मराठी बायबलाच्या प्रती पिढ्यान्‌पिढ्या पोंचविणारी संस्था तीच.

सारांश, चॅपल हें केवळ देवपूजेचें स्थान नव्हतें. अक्षरओळख तेथेंच होई. गाणें तेथेंच शिकावयाचें. चार आवाजांचें समूहगान खाणकामगारांना तेथेंच साधलें. वक्तृत्व, वादविवाद, हिशेब ठेवणें, सभा चालविणें हेंही तेथलेंच शिक्षण. व्यासपीठाच्या पायथ्याशीं वडीलधाऱ्या पुढाऱ्यांचें ‘मोठें आसन’ असे, आणि दिवसभर कोळसा खणणारा माणूस रविवारीं त्या आसनावर बसूं शके. जगाच्या कोणत्याही दुसऱ्या दरबारांत त्याला तो मान मिळण्यासारखा नव्हता. तरुण-तरुणींच्या दृष्टीनें तर आणखी एक गोष्ट होती: रात्रींच्या प्रार्थनेहून घरीं परततांना, कोणाच्याही डोळ्यांत न खुपतां, एकमेकांशीं चार शब्द बोलण्याची सोय दुसरीकडे कोठेंच नव्हती. कित्येक लग्नें त्या परतीच्या वाटेवर जुळलीं आहेत.

ज्या संस्थेंत इतक्या गोष्टी एकवटलेल्या असतात तिचा ऱ्हासही विलक्षण रीतीनें होतो. तिच्यावर कोणी हल्ला करावा लागत नाहीं. त्या गोष्टी एकेक करून दुसरीकडे मिळूं लागल्या म्हणजे झालें. १८७० च्या कायद्यानंतर अक्षरओळख सरकारी शाळेंत मिळूं लागली, आणि तीही इंग्रजींत. खाणींच्या गांवांतून कामगारांनीं पगारांतील पै-पैसा कापून वाचनालयें व सभागृहें उभारलीं. १८९८ सालीं दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचा संघ निघाला, आणि सभा चालविण्याची जी विद्या तरुणांनीं चॅपलांत कमावली होती ती त्यांनीं तेथें नेली. ए. जे. कुक हा तरुणपणीं बॅप्टिस्ट पंथाचा प्रचारक होता; १९२४ सालीं तो ब्रिटनच्या खाणकामगार महासंघाचा चिटणीस झाला, तेव्हां त्याच्या भाषणांतील आवेश चॅपलाचाच होता, देव मात्र बदलला होता. आर्थर हॉर्नर यानें धर्मोपदेशकाचें रीतसर शिक्षण घेतलें, पुढें तो कम्युनिस्ट पक्षांत शिरला, आणि १९३६ सालीं दक्षिण वेल्सच्या खाणकामगार संघाचा अध्यक्ष झाला. अनायरिन बेव्हन हा तर ट्रेडीगरच्या कामगार वाचनालयांत वाढलेला. त्याच गांवच्या वैद्यकीय साहाय्य संस्थेचा कित्ता डोळ्यांपुढें ठेवून त्यानें १९४८ सालीं ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. या तरुणांना धर्मानें काय शिकविलें नाहीं हा प्रश्न नाहीं. अन्यायाची चीड धर्मानेंच त्यांच्या अंगीं बाणविली. परंतु खाणीच्या मालकाविषयीं प्रश्न विचारतांच मोठ्या आसनावरील वडील मंडळी परलोकाच्या गोष्टी सांगूं लागली. मालक किंवा त्याचा व्यवस्थापकही कित्येकदां त्याच आसनावर बसलेला असे, हें येथें सांगितलें पाहिजे.

या वडील मंडळींच्या कडकपणाविषयीं थोडें विस्तारानें सांगणें जरूर आहे, कारण पुढील पिढ्यांच्या मनांत जो सल राहिला त्याचें मूळ येथें आहे. १८४७ सालीं वेल्समधील शिक्षणाची पाहणी करून तीन इंग्रज अधिकाऱ्यांनीं निळ्या वेष्टणाचे अहवाल सादर केले. त्यांत त्यांनीं वेल्श भाषेची आणि चॅपलाची निंदा तर केलीच, पण वेल्सच्या स्त्रियांच्या शीलावरही शिंतोडे उडविले. साऱ्या देशांत संतापाची आग भडकली. परंतु अपमान झालेल्या समाजाला संतापापेक्षां लज्जा अधिक छळते. आपण निर्दोष आहों हें इंग्रजांना दाखवून देण्याच्या भरांत चॅपलानें आपल्याच मुलांवर पाळत ठेवण्यास आरंभ केला. काळा पोषाख, रविवारीं खेळ बंद, नाटक बंद, मद्य तर बंदच. १८८१ च्या कायद्यानें रविवारीं गुत्ते उघडण्याचीही मनाई झाली. अविवाहित मुलगी गरोदर राहिली तर मंडळीच्या सभेंत, सर्वांच्या देखत, तिला चॅपलांतून बाहेर काढीत. तिच्याबरोबर जो पुरुष दोषी असे तो पुष्कळदां निसटून जाई. क्वचित् तो त्याच सभेंत मान खालीं घालून बसलेलाही असे. हा देखावा ज्या लहान भावंडांनीं पाहिला त्यांना पुढें कोणी शास्त्राधारें धर्म नाकारून दाखविण्याची गरज पडली नसेल. कॅरडॉक इव्हान्स यानें १९१५ सालीं आपल्या कथासंग्रहांत या दांभिकपणावर कोरडे ओढले, तेव्हां वेल्समध्यें त्याच्यावर देशद्रोह्याचा शिक्का बसला. त्यानें अतिशयोक्ति केली यांत शंका नाहीं. पण तो लिहीत होता तें अगदींच निराधार असतें तर लोक इतके चिडले नसते.

त्यांतच पहिलें महायुद्ध आलें. शांततेचें व्रत मिरविणाऱ्या चॅपलाचे कित्येक नामांकित उपदेशक सैन्यभरतीच्या कामाला लागले. ब्रिनशेंकिनचे रेव्हरंड जॉन विल्यम्स यांनीं तर अंगावर लष्करी गणवेष चढवून भरतीसाठीं भाषणें केलीं. जे तरुण त्यांच्या शब्दाखातर गेले त्यांतले पुष्कळसे परत आले नाहींत, आणि जे आले ते पूर्वींसारखे बाकावर बसून ऐकूं शकले नाहींत. राजमान्य धर्मपीठाचे हक्क काढून घेण्यासाठीं चॅपल पन्नास वर्षें झगडत होतें. तें काम १९२० सालीं अंमलांत आलें, आणि ज्या वादानें तरुणांचें रक्त तापत असे तो वादच संपला. कांहीं चळवळींना यशासारखा घातक शत्रु दुसरा नसतो.

यानंतरचें कारण धार्मिक नसून निव्वळ पोटाचें आहे. कोळशाचा धंदा बसला, आणि १९२१ ते १९४० या दोन दशकांत चार लाखांहून अधिक माणसें वेल्स सोडून इंग्लंडांतील नव्या कारखान्यांच्या गांवीं गेलीं. जाणारीं अर्थातच तरुण होतीं. मागें राहिले म्हातारे, आणि मंदिरें बांधतांना काढलेलीं कर्जें. एकाच रस्त्यावर चार पंथांनीं चुरशीनें चार मंदिरें उभारलीं होतीं. त्यांचीं छपरें शाकारण्यासाठीं पैसे गोळा करणें हेंच आतां उरलेल्या मंडळींचें मुख्य धर्मकृत्य होऊन बसलें. ज्या तरुणाला जीवनाविषयीं कांहीं विचारावयाचें होतें त्याच्या हातीं वर्गणीचें पुस्तक पडलें.

भाषेचा प्रश्न याहूनही सूक्ष्म आहे. १८९१ सालीं वेल्समधील निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलत. १९५१ सालीं हें प्रमाण शेंकडा २९ च्या आसपास आलें, आणि २०२१ सालीं तें १७.८ होतें. आईबाप वेल्श बोलतात, मुलें शाळेंत व रस्त्यावर इंग्रजी. मग रविवारीं तास-तासभर चालणारें प्रवचन त्या मुलांना अर्धेंमुर्धेंच कळावें यांत नवल काय? प्रवचन इंग्रजींत करावें तर वृद्ध म्हणत, मग चॅपल तें कसलें! वेल्श ठेवावें तर मुलें येईनाशीं होत. बहुतेक ठिकाणीं वृद्धांचें ऐकलें गेलें. त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. ज्या घरानें भाषेला तीनशें वर्षें आसरा दिला त्यांतूनच तिला बाहेर घालवावयाची कशी? मात्र या आग्रहापायीं मुलांच्या मनांत देव आणि न कळणारी भाषा यांची जी सांगड बसली ती पुढें सुटली नाहीं.

गंमत अशी कीं, भाषेचा ध्वज पुढें तरुणांनींच उचलला, पण तो चॅपलाच्या बाहेर. १३ फेब्रुवारी १९६२ रोजीं साँडर्स लुइस या वृद्ध लेखकानें वेल्श भाषेच्या भवितव्यावर नभोवाणीवरून एक व्याख्यान दिलें. त्या एका व्याख्यानाच्या प्रेरणेनें त्याच वर्षीं वेल्श भाषा-मंडळ निघालें, आणि विद्यार्थी इंग्रजी पाट्या रंगवूं लागले, तुरुंगांत जाऊं लागले. नभोवाणीच्या व्याख्यानाचा इतका परिणाम व्हावा ही गोष्ट कोणाही वक्त्याच्या मनांत आशा उत्पन्न करणारी आहे. पूर्वीं असा त्याग करण्याची हौस असलेला तरुण धर्मप्रचारक होऊन खासी डोंगरांत गेला असता. त्यागाची भूक तशीच राहिली; तिला अन्न दुसऱ्या घरीं मिळालें.

१९६१ सालीं रविवारीं गुत्ते उघडावेत कीं नाहीं याविषयीं जिल्हावार मत घेण्यांत आलें, तेव्हां औद्योगिक भागांनीं उघडण्याच्या बाजूनें कौल दिला आणि पश्चिमेकडील ग्रामीण भागांनीं विरुद्ध. रविवार हा चॅपलाचा दिवस. तो असा तुकड्यातुकड्यांनीं हातचा गेला. मोटार, दूरचित्रवाणी, पुढें रविवारीं उघडीं दुकानें आणि मुलांचे खेळांचे सामने, हीं सारीं त्या रिकाम्या जागेंत येऊन बसलीं. यांतील प्रत्येकाला दोष देतां येईल, पण जागा रिकामी नसती तर तीं बसतीं ना.

आणि मग सर्वांत निःशब्द असा टप्पा आला, तो घरांतला. आजच्या वेल्समधील बहुतेक तरुणांनीं चॅपल सोडलें असें म्हणणें वस्तुतः चुकीचें आहे. तें त्यांच्या आईबापांनीं किंवा आजीआजोबांनीं सोडलें, आणि तेंही भांडून नव्हे. डेव्हिड व्होआस आणि अलास्डेअर क्रॉकेट या अभ्यासकांनीं ब्रिटनमधील कुटुंबांच्या माहितीचें पृथक्करण करून २००५ सालीं असें दाखविलें कीं, आई आणि वडील दोघेही धर्मनिष्ठ असले तर मूल तसें होण्याचा संभव सुमारें निम्मा असतो. दोघांपैकीं एकच असल्यास चौथाई. आणि कोणीच नसल्यास जवळजवळ शून्य. हा हिशेब शाळामास्तराच्या पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. प्रत्येक पिढींत अर्धे गळावे आणि नवे कोणी येऊं नयेत, म्हणजे चार पिढ्यांत काय उरतें तें मुलेंही सांगतील.

परंतु निष्ठावंत आईबापांच्याही हातून निम्मीं मुलें कां सुटावींत? याचें एक कारण वेल्सच्या घरांतील संकोचांत सांपडतें. चॅपलांत पाठविणें, स्तोत्र पाठ करून घेणें, रविवारचे कपडे इस्तरी करून ठेवणें, हें सर्व आई निष्ठेनें करी; पण ‘तूं स्वतः हें खरें मानतेस काय, आणि कां?’ असें मुलानें विचारलें असतां ती म्हणे, उपदेशकांना विचार. वडील वर्तमानपत्र वर धरीत. श्रद्धा ही इतकी खाजगी, इतकी पवित्र वस्तु समजली जाई कीं ती मुलांसमोर उघडी करण्याचीही लाज वाटे. मुलानें त्याचा अर्थ असा केला कीं, घरांत कोणाला उत्तर ठाऊक नाहीं. पंधरा-सोळाव्या वर्षीं मंडळीचा सभासद करून घेण्याचा विधि होई, आणि तो होतांच अनेक मुलें शाळेची शेवटची परीक्षा उतरल्याप्रमाणें मोकळीं होत.

पूर्वीं अशीं मोकळीं झालेलीं मुलें कांहीं वर्षांनीं परत येत. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं लग्न, लगेच मूल, मग मुलाला रविवारच्या शाळेंत घालण्याच्या निमित्तानें आईबापांचीही पावलें तिकडे वळत. आतां लग्नें तिशीपलीकडे होतात, पुष्कळांचीं होतच नाहींत, आणि १९९४ च्या कायद्यानंतर तीं एखाद्या जुन्या वाड्यांत वा हॉटेलांतही नोंदवितां येतात. परतीची वाट अशी मध्येंच तुटली. विद्यापीठें तरुणांना नास्तिक करतात असा जो समज आहे, त्यापेक्षां ही मधली दहा-बारा वर्षांची पोकळी अधिक विचार करण्यासारखी आहे. ज्याला अठराव्या वर्षीं पुन्हां येईन असें वाटत असतें त्याला तिसाव्या वर्षीं मंदिराचें दार कोणत्या बाजूस उघडतें तेंही आठवत नाहीं.

उरलेल्या मंडळींनीं हातपाय हलविले नाहींत असें नाहीं. तरुणांचीं मंडळें निघालीं, गिटारी आल्या, लांबलचक प्रवचनें आटोपशीर झालीं. शहरांतून कांहीं नव्या मंडळ्यांत तरुणांची बरी गर्दी असते, परंतु त्यांपैकीं बरेचसे दुसऱ्या मंडळींतून आलेले असतात. एका घड्यांतलें पाणी दुसऱ्या घड्यांत. जुनीं मंदिरें विकलीं जाऊन त्यांत बिऱ्हाडें, दुकानें, सतरंज्यांचीं गोदामें झालीं. मात्र कार्डिफच्या मैदानावर वेल्सचा रग्बीचा सामना असला म्हणजे हजारों तरुण कंठ तींच जुनीं स्तोत्रें गातात, आणि गाण्यांत कोठें चूक होत नाहीं.

इव्हॅन रॉबर्ट्स स्वतः १९०६ नंतर जवळजवळ मूक झाला. अतिश्रमानें त्याची प्रकृति खचली, आणि उरलेलें आयुष्य प्रसिद्धीपासून दूर कंठून तो १९५१ सालीं कार्डिफ येथें वारला. त्याची लाट मात्र खासी डोंगरांतून पुढें १९०६ सालीं मिझो लोकांत गेली होती. त्या लोकांस धर्मप्रचारकांनींच रोमन लिपी लावून दिली. वाचन, गाणें, सभा चालविणें, तरुणांचा मेळावा हें सर्व आजही तेथें मंडळीच्याच अंगणांत चालतें, आणि सभोंवतींच्या मोठ्या भाषांच्या दाटींत मिझो म्हणून टिकून राहण्याचा आधारही तीच मंडळी आहे. एकोणिसाव्या शतकांतील वेल्सचें वर्णन याहून फारसें निराळें करतां येणार नाहीं. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळीनें आतां आपले धर्मसेवक उलट वेल्समध्यें पाठविले आहेत. त्यांचें काम तेथील रिकाम्या बाकांपुढें चालतें. आणि त्यांच्या स्वतःच्या गांवांतून शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं दिल्लीस व बंगळुरास जाणाऱ्या तरुणांची संख्या वर्षानुवर्ष वाढत आहे.